फॉर्म लावला, पण वाचणार कोण?

गेल्या महिन्यात सीताबर्डीला आमच्या संस्थेची बैठक झाली. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता, 'संकेतस्थळावरील मदत-फॉर्म पुन्हा सुरू करणे'. पाच मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं, पण दोन तास गेले. तरुण मैत्रिणींचं म्हणणं, आजच्या काळात फॉर्म नसणं म्हणजे बाईच्या तोंडावर दार लावणं. ज्येष्ठ ताईंचं म्हणणं, बाई समोर बसून रडल्याशिवाय तिची गोष्ट कळत नाही, तिला रकान्यांत कोंबू नका. दोघींचं थोडंथोडं खरं होतं. मी बराच वेळ गप्प होते. कारण चार वर्षांपूर्वी हा फॉर्म पहिल्यांदा लावा असा आग्रह धरणारी मीच होते आणि नंतर तो बंद करा म्हणणारीही मीच. ते का, हे बैठकीत सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. आपल्यापैकी अनेक गट सध्या याच विचारात आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून.

आमचा फॉर्म तयार व्हायला एक दुपार लागली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमातली एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे होती. तिने स्वतःच्या खात्यातून फुकटचा फॉर्म बनवला, त्याचा तयार कोड उचलला आणि आमच्या पानात चिकटवला. नाव, वय, पत्ता, फोन, लग्नाचं वर्ष, पतीचा व्यवसाय, उत्पन्न, जात, मुलं, हिंसेचा प्रकार अशी एकंदर तेवीस प्रश्नांची यादी मीच तिला दिली होती. आमच्या केस-पेपरवर तेवढेच प्रश्न होते. मग ते इथे का नकोत, असा साधा हिशोब मी केला.

वर्ष संपलं, विद्यार्थिनी परीक्षा देऊन गावी गेली. फॉर्मची सूचना तिच्याच ई-मेलवर जात होती. ती तिने मधूनमधून आम्हाला पाठवली, मग तेही राहिलं. एके दिवशी तिने घाईघाईने फोन केला, "ताई, एक फॉर्म नऊ दिवसांपूर्वीचा आहे, मी आत्ता पाहिला." तेवीस प्रश्नांपैकी त्या बाईने चारच भरले होते. शेवटच्या रकान्यात दोन ओळी होत्या. त्या मी इथे देत नाही. वाचल्यावर मी जागेवरून उठले आणि लगेच दिलेल्या नंबरवर फोन लावला.

फोन पुरुषाने उचलला.

मी गडबडले. "रेशनच्या कामासाठी बोलत होते," असं काहीतरी सांगून फोन ठेवला. पण तोवर संस्थेचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं होतं. त्यानंतर त्या नंबरवर पुन्हा फोन करण्याची सोय राहिली नाही. वस्तीचं नाव तिने लिहिलं नव्हतं, त्यामुळे शोधायला जाण्यासारखंही काही नव्हतं.

दोन महिन्यांनी ती स्वतः आमच्या कार्यालयात आली. (तिची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.) तिने शांतपणे सांगितलं, "ताई, म्या फॉर्म भरला होता ना. फोन त्याइच्याजवळ राह्यते. तुमचा आला तं त्यायनंच उचलला." पुढे काय झालं ते तिने सांगितलं, ते मला जन्मभर पुरेल. आणि जाताना म्हणाली, "पह्यले आठ दिवस मले वाटलं, कोनी वाचलाच नाही."

तिने आम्हाला दोष दिला नाही. दोष आमचाच होता, आणि मुख्यतः माझा. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. तिने लिहिलं ते त्याने जपून ठेवलं, सूचना पाठवली. वाचायला कोणी नव्हतं, आणि जिने वाचलं तिने विचार न करता फोन केला. तिच्या हाती फोन केव्हा असतो, दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हा एकच प्रश्न आमच्या तेवीस प्रश्नांत नव्हता. तिच्या नवऱ्याचं उत्पन्न मात्र आम्ही विचारलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: फॉर्म लावणं हे तांत्रिक काम नाही, ते दार उघडण्याचं काम आहे. दारामागे रोज बसणारी बाई आपल्याकडे नसेल, तर दार उघडू नये. आणि उघडलं, तर तिथे आपल्या अहवालाला लागेल ते विचारू नये, तिच्या सुरक्षिततेला लागेल तेवढंच विचारावं.

याचा अर्थ फॉर्म नकोच असा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. जी बाई आईला सांगू शकत नाही, शेजारणीला सांगू शकत नाही, ती कधी कधी रात्री अकरा वाजता एका निर्जीव चौकटीत लिहून टाकते. समोर चेहरा नसतो म्हणूनच ते तिला जमतं. बहिऱ्या-मुक्या भगिनींना फोनपेक्षा लिहिणं सोपं. सासरच्या घरात आवाज चढवून बोलता येत नाही, पण बोटांनी लिहिता येतं. हे सगळं मी पाहिलं आहे. पण त्याच सर्वेक्षणात हेही आहे की कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांसाठी फोन हा घराचा, नवऱ्याचा किंवा मुलाचा होता. संकेतस्थळावर फॉर्म आहे म्हणून कार्यालयाची वेळ कमी करा, वस्तीतल्या बैठका कमी करा, असं कुणी म्हणू लागलं तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.

आपल्या सगळ्यांचा सरकारी फॉर्मशी ताजा अनुभव आहेच. २०२४ च्या जुलैपासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरले गेले. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आधी अ‍ॅपवर, मग संकेतस्थळावर. वस्त्यावस्त्यांत अंगणवाडी सेविका आपला फोन घेऊन बसल्या तेव्हा कुठे ते अर्ज गेले. म्हणजे फॉर्म ऑनलाइन होता, पण तो भरला गेला बाईच्या शेजारी बसलेल्या बाईमुळे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात लाभार्थी बाईबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. वडील वारलेले, नवरा वारलेला किंवा टाकून गेलेला, अशा बायकांनी ओटीपी कुणाकडून आणायचा? ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी सोय जाहीर करावी लागली. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण वर्षानुवर्षं परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. आणि एका रकान्याने त्या बाईला पुन्हा विचारलं, तुझा पुरुष कोण?

सरकारवर टीका करणं सोपं आहे. पण आमच्या फॉर्ममध्येही 'पतीचे नाव' हा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. लाल तारांकन लावलं की रकाना सक्तीचा होतो. ते एका टिचकीचं काम आहे, आणि टिचकी मारणारी आपलीच कार्यकर्ती असते.

आता थोडं यंत्राबद्दल. आपल्यापैकी पुष्कळजणी "ते मुलं बघतात" म्हणून हा विषय सोडून देतात. मीही तेच केलं होतं. समजून घ्यायला तो अवघड नाही.

फॉर्म पानात बसवणं म्हणजे आपल्या घराच्या भिंतीत दुसऱ्याच्या दुकानाची खिडकी बसवणं. बाईला दिसतं आपलं नाव, आपलं चित्र, आपला पत्ता. तिला वाटतं, मी या संस्थेशी बोलते आहे. प्रत्यक्षात त्या चौकटीत ती जे लिहिते ते थेट फॉर्मच्या कंपनीकडे जातं आणि तिथून फॉर्म बनवणाऱ्या खात्यात. बहुतेक संस्था गूगलचा फॉर्म वापरतात म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. फॉर्म ज्या खात्यातून बनवला त्या खात्याचा तो मालकीचा. ते खातं कार्यकर्तीचं खासगी असेल, तर ती सोडून गेल्यावर बायकांच्या हकिगती तिच्याबरोबर जातात. म्हणून पहिलं काम, संस्थेच्या नावाचं खातं, त्याला दुहेरी सुरक्षा, आणि त्याचा पासवर्ड दोघींकडेच.

उत्तरं एका तक्त्यात जमा होतात. बैठकीत दाखवायला सोपं पडावं म्हणून 'दुवा असलेल्या कुणालाही पाहता येईल' असं करून ठेवण्याचा मोह होतो. तो दुवा एका व्हॉट्सअ‍ॅप गटात गेला की पुढे कुठे जाईल याला धरबंध नाही. त्याहून घातक एक खूण आहे, उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याची. ती चालू राहिली तर फॉर्म भरणाऱ्या बाईला आधीच्या बायकांनी लिहिलेली उत्तरं दिसू शकतात. सहलीला कोण येणार हे विचारताना ती सोय चांगली आहे, आपल्या कामात ती नको. भरलेल्या उत्तरांची प्रत ई-मेलवर पाठवण्याची सोयही तशीच. ई-मेल मुलाने उघडून दिलेला असतो आणि तोच रोज पाहतो. फोटो किंवा कागद जोडण्याची सोय ठेवली, तर भरणारीला गूगल खात्यात शिरूनच फॉर्म भरावा लागतो, मग ते खातं कुणाचंही असो. आणि खात्यात शिरलेली असेल तर तिचं अर्धवट लिहिलेलंही मसुदा म्हणून काही दिवस राहू शकतं. अर्ध्यावर घाबरून बंद केलं म्हणजे पुसलं गेलं, असं नसतं.

फोनच्या इतिहासात पानाचं शीर्षक राहतं. 'कौटुंबिक हिंसाचार तक्रार अर्ज' असं शीर्षक दिलं, तर फोन तपासणाऱ्या नवऱ्याला आणखी काही वाचावं लागत नाही. पानाला नुसतं 'संपर्क' म्हणावं. फॉर्म आपल्या पानात बसवण्याचा एक फायदा इथे आहे. इतिहासात सहसा आपल्या पानाचं नाव राहतं, फॉर्मचं राहत नाही. सुटा दुवा दिला तर फॉर्मचंच शीर्षक दिसतं. पानाच्या वर 'लगेच बाहेर पडा' असं एक बटण ठेवावं, दाबल्यावर हवामानाचं किंवा बातम्यांचं पान उघडेल असं. मात्र त्याने इतिहास पुसला जात नाही, हे त्याच बटणाखाली मराठीत आणि हिंदीत लिहावं. नागपुरात हिंदी लागतेच.

आणि हे सगळं लावून झाल्यावर फॉर्म साध्या, तडा गेलेल्या मोबाइलवर भरून पाहावा. चिकटवायच्या कोडमध्ये चौकटीची रुंदी ठरावीक दिलेली असते. संगणकावर ती ऐसपैस दिसते, पण फोनवर अर्धे प्रश्न कडेला कापले जातात आणि 'पाठवा' हे बटण सापडत नाही. आमचा फॉर्म आम्ही कार्यालयातल्या संगणकावरच पाहिला होता.

एक जुनी गोष्ट आठवण म्हणून सांगते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तेव्हा तो भाग चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, १९७६ मध्ये इथल्याच, नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात एक कलम आलं, बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा. आज ते भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. त्या मुलीचं नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, तो खटलाच तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. जिच्यामुळे बाकीच्यांची नावं झाकली गेली, तिचं स्वतःचं नाव मात्र कधीच झाकलं गेलं नाही. हा हक्क विदर्भाच्या मातीतल्या एका मुलीच्या किमतीवर मिळालेला आहे. तो एका उघड्या राहिलेल्या तक्त्यात आपल्याच हातून हरवू नये.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम संपल्यावर पुसून टाका, हे त्याचं सार. संस्था लहान असली तरी ही शिस्त आपल्याला परकी वाटायला नको. कायद्याची वाट न पाहता ती आपण पाळायला हवी होती.

काहीजणी विचारतील, सरकारचे फॉर्म आहेतच, मग आपला कशाला? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी 'शी-बॉक्स' २०१७ पासून आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये ते नव्याने सुरू झालं. तिथे केलेली तक्रार समितीकडे जाते, आणि समितीला चौकशी ९० दिवसांत संपवण्याचं कायद्याचं बंधन आहे. १ जुलै २०२४ पासून पोलिसांनाही ऑनलाइन खबर देता येते, पण ती नोंदली जाण्यासाठी तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे त्या फॉर्ममागे निदान कागदावर तरी कुणाची तरी जबाबदारी ठरलेली आहे. आपल्या फॉर्ममागे कोणतंही कलम नाही, आपला शब्द तेवढा आहे. त्यामुळे तो शब्द सांभाळायला हवा. हे फॉर्म कुठे आहेत ते आपल्या पानावर द्यावं, आणि ते भरताना बाईच्या शेजारी बसायला आपण आहोत हेही लिहावं.

शेवटी बैठकीत काय ठरलं ते सांगते. फॉर्म पुन्हा सुरू करायचा, पण पाचच प्रश्नांचा. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू (खरं नाव नको). तुमच्याशी कसं बोलू, फोन, संदेश की तुम्ही याल. फोन कुणाकडे असतो, केव्हा करू, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगू. कोणत्या भागात राहता (घराचा पत्ता नको). आणि मनात असेल ते लिहा, नसेल तर सोडा. पोहोचण्याचा मार्ग आणि फोनची वेळ हे सोडून एकही रकाना सक्तीचा नाही.

जातीच्या रकान्यावर वाद झाला. उत्तर नागपुरातल्या एका मैत्रिणीने ठासून सांगितलं की जात न विचारणं म्हणजे ती नाही असं मानणं नव्हे, आणि आपल्या नोंदींतून जात गेली तर दलित-आदिवासी बायकांवरची हिंसा पुन्हा अदृश्य होईल. तिचं बरोबर आहे. जात, उत्पन्न, मुलं हे सगळं विचारायचंच, पण समोरासमोर, विश्वास बसल्यावर, कार्यकर्तीच्या तोंडून. देणगीदारांना लागणारे रकाने तेव्हाच भरले जातील. 'या तिमाहीत इतके फॉर्म आले' हा आकडा अहवालात टाकायचा नाही, त्याऐवजी किती जणींशी प्रत्यक्ष बोलणं झालं आणि किती दिवसांत, ते लिहायचं.

दोघीजणींच्या नावाने पाळी लावली आहे. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दोनदा तक्ता उघडायचा आणि रजिस्टरवर सही करायची. एक रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, हे आधी लिहायचं. रविवारी आम्ही वाचत नाही, हे फॉर्मच्या वर पहिल्याच ओळीत स्पष्ट म्हटलं आहे. त्याखाली ठळक अक्षरांत आहे की आत्ता जिवाला धोका असेल तर फॉर्म भरू नका, ११२ किंवा १८१ ला फोन करा. काम संपलेल्या बाईची ऑनलाइन नोंद पुसायची, कागदावरची कुलपात. सहा महिन्यांनी आढावा. पाळी मोडू लागली असेल तर फॉर्म काढून टाकायचा आणि त्या जागी फोन नंबर आणि कार्यालयाची वेळ द्यायची. त्यात काही कमीपणा नाही.

ती बाई हल्ली आमच्या गुरुवारच्या बैठकीला येते. नवा फॉर्म आम्ही तिलाच पहिल्यांदा दाखवला. तिने तो आपल्या फोनवर उघडला, सावकाश वाचला आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "हे बरोबर केलं."

आपल्या गटाने असा फॉर्म लावला असेल किंवा काढून टाकला असेल, तर आपला अनुभव जरूर कळवा. आणि हा अंक बाजूला ठेवण्याआधी एक करा. आपल्या संकेतस्थळावर फॉर्म असेल, तर त्यात शेवटचं उत्तर कोणत्या तारखेला आलं आणि ते कोणी वाचलं, एवढं आजच पाहून घ्या.